बाळ खात नाही, की त्याला खाता येत नाही?

नीरक्षीर

दूध पिताना मध्येच ताणून रडणारं बाळ, अर्ध्या तासात ४० मिली पिऊन गळून झोपणारं बाळ, घास गालात धरून बसणारं मूल आणि प्रत्येक घोटाला ठसकणारं मूल. घरात या चौघांनाही एकच शिक्का बसतो: खायला त्रास देतं. नखऱ्यांवर भरपूर लिहून झालंय. हा धागा ज्यांना खरोखर जमत नाही त्यांच्यासाठी.

आधी थोडी रचना, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र मानेत बरंच वर असतं, मोठ्या माणसापेक्षा साधारण दोन मणके वर. जीभ तोंड भरून टाकते आणि गालांत चरबीच्या गाद्या असतात. त्यामुळे तोंडात मोकळी जागा कमी, आणि दूध ओढायला लागणारा दाब सहज तयार होतो. बाळ एकाच वेळी गिळतं आणि श्वासही घेतं, असं अजून पुष्कळ ठिकाणी छापलेलं सापडतं. ते चूक आहे. प्रत्येक घोटाला श्वास क्षणभर थांबतोच. भुकेलं बाळ सुरुवातीला सेकंदाला साधारण एक ओढ घेतं आणि जवळजवळ प्रत्येक ओढीमागे एक घोट असतो. म्हणजे मिनिटाला पन्नास-साठ वेळा श्वास अडवायचा आणि पुन्हा सोडायचा. ओढणं, गिळणं आणि श्वास यांचा हा मेळ गर्भाच्या साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाने चोखणीवर छान चोखलं म्हणून ते दूधही पिऊ शकेल असं नसतं. नुसतं चोखणं सेकंदाला दोनच्या वेगाने चालतं, पण त्यात गिळण्याचा व्याप जवळजवळ नसतोच.

काय पाहायचं: पिताना डोळ्यांत पाणी, भुवया किंवा डोळ्यांभोवती लाली, नाकपुड्या फुलणं, हाताची बोटं ताणून पसरणं, ओठांभोवती निळसरपणा, नाकातून दूध येणं, ओठांच्या कोपऱ्यातून सतत ओघळ. पिऊन झाल्यावर आवाज ओला होणं, म्हणजे घशात पाणी ठेवून बोलावं तसा. एक वेळचं पाजणं नेहमीच ३० मिनिटांच्या पुढे जाणं. कारण नसताना वारंवार ताप आणि छातीत कफ. आणि वजन: पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमची वाढ अपेक्षित असते.

निळं पडणं, श्वास थांबणं, अंग सैल पडणं यांतलं काहीही झालं तर धागा वाचत बसू नका. बाळाला उचला आणि दवाखाना गाठा.

वाचाताई

चांगली सुरुवात. एक भर घालते, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ठसका लागत नाही म्हणजे दूध श्वासनलिकेत जात नाही, हा समज काढून टाका. लहान बाळाच्या स्वरयंत्राला द्रव लागला की खोकला यायलाच हवा असं नाही. खोकल्याऐवजी बाळ श्वास रोखतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि पुन्हा पुन्हा गिळत राहतं. वयानुसार खोकल्याची प्रतिक्रिया पक्की होत जाते. मज्जासंस्थेचा आजार असलेल्या किंवा खूप दिवस नळ्या राहिलेल्या मुलांत ती पुढेही बोथट राहू शकते. खोकला न येता दूध असं श्वासनलिकेत जाण्याला मूक अ‍ॅस्पिरेशन म्हणतात.

म्हणून ‘आमचं छान पितं, कधी ठसकत नाही, फक्त दर महिन्याला छाती भरते’ या वाक्यातला ‘फक्त’ मला धडकी भरवतो.

कुंपण

मग घरी ते कळायचं कसं? छातीला कान लावून?

वाचाताई

घरी खात्रीने कळत नाही, दवाखान्यातही नुसतं बघून कळत नाही. पण संशय घेण्याइतकं दिसतं. पाजण्याआधी एक मिनिट बाळाचा श्वास मोजा, पाजून झाल्यावर लगेच पुन्हा मोजा. आधीचा आणि नंतरचा आवाज ऐका. मोबाइलवर तीन व्हिडिओ घ्या: सुरुवातीची दोन मिनिटं, मधली दोन, शेवटची दोन. चेहरा, मान आणि छाती एकाच चौकटीत यायला हवी. दमलं की मेळ बिघडणारी बाळं सुरुवातीला अगदी सुरेख पितात, आणि तपासणीत नेमकी तीच पहिली दोन मिनिटं दिसतात.

शांत पडून असतानाही श्वास सतत मिनिटाला ६० च्या वर असेल तर पाजण्याची घाई नको. श्वासालाच सवड नाही, तर घोटाला कुठून मिळणार? पिताना कपाळावर घाम आणि लवकर थकवा असेल तर आधी हृदय तपासून घ्यायचं.

नीरक्षीर

बाटलीच्या प्रवाहावर लिहितो, कारण घरच्या घरी बदलता येणारी सगळ्यात परिणामकारक गोष्ट तीच.

बाळ हळू पितं म्हणून मोठ्या भोकाचं निपल आणणं, किंवा असलेल्या निपलचं भोक तापलेल्या सुईने मोठं करणं, हा सर्रास होणारा उलटा उपाय. बऱ्याचदा बाळ हळू पितं ते प्रवाह झेपत नाही म्हणून. ते जिभेने निपल दाबून धरतं, ओढ सोडतं, तोंड फिरवतं. भोक मोठं केलं की दूध लवकर संपतं, घरच्यांना बरं वाटतं, आणि दूध कुठे गेलं ते कोणी बघत नाही. सुईने पाडलेलं भोक प्रत्येक वेळी वेगळं असतं ते निराळंच. पाकिटावरच्या ‘स्लो’ किंवा ‘० महिने+’ या शब्दांना समान मोजमाप नाही. एका कंपनीचं ‘स्लो’ दुसरीच्या ‘मीडियम’पेक्षा वेगवान असू शकतं. म्हणून एकदा जमलेलं निपल आणि बाटली यांची जोडी बदलू नका. निपल चिकट, फुगीर किंवा चिरलेलं झालं की तेच, त्याच क्रमांकाचं नवं घ्या.

आता पाजण्याची पद्धत. कुशीवर, टप्प्याटप्प्याने:

बसून एक पाय छोट्या स्टुलावर ठेवा, म्हणजे मांडीचा उतार होईल. बाळाला मांडीवर डाव्या किंवा उजव्या कुशीवर घ्या, डोकं गुडघ्याकडे आणि ढुंगणापेक्षा वर. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान मागे पडलेली नको, हनुवटी छातीत रुतलेलीही नको. दोन्ही हात छातीशी, हवं तर दुपट्यात सैलसर गुंडाळून. बाटली जमिनीला जवळजवळ समांतर धरा. निपलमध्ये अर्धंच दूध दिसलं तरी चालतं. निपल ओठांवर टेकवून थांबा. बाळाने तोंड उघडून जीभ खाली घेतली की आत जाऊ द्या, ढकलू नका.

मग ओढी मोजा. तीन ते पाच ओढी झाल्या आणि बाळाने स्वतःहून श्वास घेतला नाही, तर बाटलीचा मागचा भाग खाली करा, म्हणजे निपलमधलं दूध मागे जाईल. निपल तोंडातच राहू द्या. बाळ दोन-तीन श्वास घेईल आणि पुन्हा चोखायला लागेल, तेव्हा बाटली परत आडवी. दर वेळी निपल बाहेर काढलं तर बाळ चिडतं आणि परत पकडताना हवा गिळतं.

कुशीवर का, तर दूध गुरुत्वाने थेट घशात न पडता खालच्या गालाशी साचतं. नको असेल तर बाळ ते ओठांतून सांडू देऊ शकतं. उताणं असताना त्याला ती सोय नसते.

फिरकी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दूध घट्ट करून दिलं की ठसका थांबतो. पुष्कळ डॉक्टर तेच सांगतात.

वाचाताई

थांबतो, खरं आहे. पातळ द्रव जिभेवरून वेगाने घसरतो आणि श्वासमार्ग मिटायच्या आत घशात पोहोचतो. घट्ट केला की तो सावकाश जातो आणि मिटायला वेळ मिळतो. पण घट्ट करणं हे औषधासारखं आहे, मात्रेसकट. आधी निपल, मग बसण्याची पद्धत, मग टप्प्याटप्प्याने पाजणं, हे सगळं करून आणि तपासणी करून मगच. कारणं सांगते.

एक, झँथन गमवर आधारित थिकनर (दूध घट्ट करणारी पूड किंवा जेल) मुदतपूर्व बाळांना देऊ नये असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०११ मध्ये दिला. आतड्यांना गंभीर इजा होणाऱ्या नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिसचे रुग्ण त्याआधी दिसले होते. पुढे सावधगिरीची सूचना सगळ्याच अर्भकांसाठी आली.

दोन, तांदळाचं सिरियल. त्यात अजैविक आर्सेनिकचा प्रश्न आहे. एफडीएने २०२० मध्ये अर्भकांच्या तांदूळ सिरियलसाठी १०० पीपीबी (अब्ज भागांत १०० भाग) ही पातळी ठरवली. सिरियलच वापरायचं ठरलं तर आता ओटचं सुचवतात.

तीन, आईच्या दुधात अमायलेज असतं. ते पिष्ट पचवतं, त्यामुळे सिरियल घालून घट्ट केलेलं आईचं दूध बघता बघता पुन्हा पातळ होतं. बाटली भरताना घट्ट, पाजताना पाणी. फसवणूक इथेच होते.

चार, पिष्टाच्या थिकनरचं फॉर्म्युलात, म्हणजे डब्याच्या दुधात, उलट होतं. ठेवलं की घट्ट होत जातं, निपलमधून येईना, मग मोठ्या भोकाचं निपल येतं आणि आपण फिरून पहिल्याच चुकीवर.

शिवाय बद्धकोष्ठता, आणि उष्मांकांचं गणित बिघडतं ते वेगळंच.

फिरकी

अमायलेजचं माहीत नव्हतं. मागे घेतो. पण मग सांगितलेला घट्टपणा बरोबर जमलाय हे तपासायचं कसं? ‘जरा घट्टसर’ हे काही माप नाही.

कपबशी

फिरकी, त्याला माप आहे. आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, ० ते ७ अशा आठ पातळ्यांची. ० ते ४ पेयांसाठी, ३ ते ७ खाण्यासाठी. ३ आणि ४ दोन्हींत येतात. पेयांची चाचणी साध्या १० मिली सिरिंजने होते.

सिरिंज अशी हवी की ० पासून १० च्या रेघेपर्यंतची लांबी ६१.५ मिमी भरेल. पट्टीने मोजा, सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढून टाका. टोक बोटाने बंद करून १० मिलीपर्यंत द्रव भरा. बोट काढा, बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत किती उरलं ते वाचा:

१ मिलीपेक्षा कमी उरलं: पातळी ०, पातळ.
१ ते ४ मिली: पातळी १.
४ ते ८ मिली: पातळी २.
८ मिलीपेक्षा जास्त, पण थोडं तरी वाहिलं: पातळी ३.
काहीच वाहिलं नाही: पातळी ४. ही सिरिंजने मोजत नाहीत, काट्यावर घेऊन आणि चमचा तिरका करून बघतात.

चाचणी ज्या तापमानाला पाजणार त्याच तापमानाला करा, आणि मिसळून जितका वेळ ठेवणार तितका वेळ ठेवून करा. पहिल्या दिवशी ०, ५, १५ आणि ३० मिनिटांनी अशी चार वेळा केली की आपलं दूध वेळेबरोबर कुठे जातं ते स्वतःच कळतं. गुठळी टोकात अडकली तर आकडा खोटा येतो. गाळून पुन्हा करा.

दुधाचेदात

वाचनखूण साठवली. ‘जरा घट्टसर’ची कटकट मिटली.

कुंपण

वाचाताई, तपासणी म्हणालात ती बेरियमची का? एवढ्याशा बाळाला एक्स-रे?

वाचाताई

दोन मुख्य तपासण्या. व्हिडिओफ्लूरोस्कोपी, म्हणजे बेरियम मिसळलेलं दूध पाजत एक्स-रेचा चलत्पट. आणि फीस, म्हणजे नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून वरून घसा पाहणं.

पहिलीत गिळण्याचे सगळे टप्पे एका बाजूने दिसतात: जीभ, टाळू, घसा, अन्ननलिकेची सुरुवात. घोट श्वासनलिकेत नेमका कधी शिरला, गिळायच्या आधी, गिळताना की नंतर, हे कळतं आणि उपाय त्यावरच ठरतो. किरणं लागतात म्हणून ती सलग चालू ठेवत नाहीत. पण चित्रांचा वेग सेकंदाला ३० असलेला बरा, कारण शिरकाव सेकंदाच्या छोट्याशा भागात होऊन जातो आणि कमी वेगात निसटतो. दुसरीत किरणं नाहीत, आई अंगावर पाजत असतानाही करता येते, लाळ कुठे साचते तेही दिसतं. पण गिळण्याच्या ऐन क्षणी घसा आवळतो आणि चित्र पांढरं होतं, म्हणजे तो क्षण दिसतच नाही. अन्ननलिकाही दिसत नाही.

तयारीत लोक चुकतात ते इथे. बाळ भुकेलं न्या, पण रडून दमलेलं नको. घरचीच बाटली, घरचंच निपल, घरचाच चमचा न्या. मोठ्या मुलाची बसायची खुर्ची नेता आली तर तीही. बेरियम मिसळलं की पातळ दूध थोडं घट्ट होतं, हे लक्षात ठेवून निष्कर्ष वाचा. आणि ‘शेवटी शेवटी त्रास होतो’ हे आधीच सांगा, म्हणजे थोडं पाजून, थकल्यावर पुन्हा चित्र घेतील. अहवाल म्हणजे त्या दिवसाच्या दहा-वीस घोटांची नोंद. त्यात काही सापडलं नाही म्हणून घरातली लक्षणं खोटी ठरत नाहीत.

शून्यप्रहर

कारणांवर कोणी बोललं नाही अजून, म्हणून थोडक्यात. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज, उताणं ठेवल्यावर आणि पिताना वाढतो: लॅरिंगोमलेशिया, म्हणजे स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असल्याने श्वासासरशी आत ओढला जाणं. अर्भकांत असा आवाज येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. बहुतेकांचं दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप सुधारतं, पण पिताना छाती आत ओढली जात असेल किंवा वजन अडलं असेल तर वाट पाहायची नाही. जन्मताच फेसाळ लाळ आणि पोटात नळी न उतरणं: अन्ननलिका अपुरी. तिची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना घन खाणं सुरू झालं की पुन्हा अडचण येते, कारण जोडाची जागा अरुंद होते आणि नळीची हालचाल मुळातच मंद असते. फक्त द्रवाला खोकला, घन पदार्थ ठीक, आणि वारंवार न्यूमोनिया: श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधली बारीक एच आकाराची वाट किंवा स्वरयंत्रातली फट शोधावी लागते. दोन्ही निसटतात, दुर्बिणीशिवाय मिळणं अवघड. उलट, द्रव ठीक आणि घन अडकतं, जोडीला गोंगाटी श्वास: अन्ननलिकेला बाहेरून वेढणारी रक्तवाहिनी मनात ठेवा. मोठ्या मुलांत घास अडकणं, हळूहळू चावणं, प्रत्येक घासावर पाणी: इओसिनोफिलिक इसोफेजायटिस, म्हणजे अन्ननलिकेची अ‍ॅलर्जीसारखी सूज. याचं निदान दुर्बिणीने तुकडा घेऊनच होतं.

आणि एक वेगळी गोष्ट. कालपर्यंत नीट खाणारं मूल अचानक लाळ गाळायला लागलं, गिळेना, तर बटण बॅटरी गिळलीय असं समजून चाला. बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत खोल भाजू शकतं. एक्स-रेत ती नाण्यासारखीच दिसते, फक्त कडेला दुहेरी वर्तुळ असतं. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळू शकत असेल आणि १२ तासांच्या आतली घटना असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी १० मिली मध, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यासाठी निघायला एक मिनिटही उशीर करायचा नाही. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. उलटी करवायची नाही.

कुंपण

जिभेखालचा दोरा कापला की पिणं सुधारतं, हे किती खरं?

वाचाताई

काहींचं सुधारतं. आईला स्तनाग्राच्या वेदना असतील, पकड सुटत असेल आणि जिभेची हालचाल खरोखर अडत असेल तर. पण दोरा दिसतो एवढ्यावर कापू नये, आणि ठसका, ओला आवाज, न्यूमोनिया यांचं खापर दोऱ्यावर तर मुळीच फोडू नये. आधी पकड आणि बसणं सुधारून पाहा.

कपबशी

दुभंगलेल्या टाळूबद्दल. इथे गिळणं बहुधा चांगलं असतं, ओढणं जमत नाही. तोंड आणि नाक यांच्यामध्ये पडदाच नाही म्हटल्यावर ओढ लागणार कुठून? फुटक्या नळीने पाणी ओढण्यासारखं ते. मग बाळ तासभर तोंड हलवत राहतं, हवा गिळतं आणि कमावलेले उष्मांक त्यातच घालवतं.

उपाय म्हणजे दूध बाळाने ओढायचं नाही, आपण द्यायचं. दाबता येणारी मऊ बाटली, किंवा एकाच दिशेने वाहू देणारी झडप असलेली बाटली, ज्यात बाळाने हिरड्यांनी निपल दाबलं तरी दूध येतं. बाळाला जवळजवळ उभं बसवा, म्हणजे नाकात कमी जाईल. निपलचं टोक टाळूच्या शाबूत बाजूकडे ठेवा, फटीत नको. दाबायचं ते बाळाच्या ओढीबरोबर: जबडा खाली गेला की हलकं दाब, वर आला की सोड. सलग दाबून धरलं तर दूध पूर येऊन घशात जातं. हीच चूक सगळ्यात जास्त होते. दर १५ ते ३० मिलीला ढेकर काढा. नाकातून दूध आलं तर घाबरून बाटली ओढू नका, थांबा, शिंकू द्या, पुसा, पुन्हा सुरू करा.

हनुवटी खूप मागे असलेल्या बाळांत जीभ मागे पडून श्वासच अडतो. तिथे उताणं धरून पाजणं बंद, आणि पाजण्याआधी श्वासाचा बंदोबस्त.

दुधाचेदात

आता दात आणि घासाचं. वरचं खाणं साधारण सहा महिन्यांनी, मान स्थिर झाल्यावर, थोड्या आधाराने बसता आल्यावर. चमचा सपाट आणि उथळ घ्या. खरा मुद्दा चमचा ठेवण्यात आहे. समोरून, बाळाच्या तोंडाच्या उंचीला आणा, वरून नको, नाहीतर मान वर होते आणि श्वासमार्ग उघडा पडतो. जिभेच्या मध्यावर किंचित दाब देऊन ठेवा आणि वरचा ओठ खाली येईपर्यंत थांबा. ओठाने घास पुसून घेतला की चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या हिरडीवर घासून घास खरवडला तर ओठाला काम शिकायची संधीच मिळत नाही, आणि मग ‘सगळं बाहेर सांडतं’ ही तक्रार.

गुळगुळीत वाटलेल्यावर वर्षभर अडून राहू नका. मऊ गाठी ९-१० महिन्यांपर्यंत यायलाच हव्यात. तो काळ उलटून गेला तर पुढे जाड पोत नाकारण्याचं प्रमाण जास्त दिसतं. मात्र दोन पोत एकत्र, म्हणजे पातळ द्रवात तरंगणारे तुकडे, हा सगळ्यात कठीण प्रकार. द्रव आधी पळतो आणि तुकडा मागे राहतो. कच्च्या गिळणाऱ्याला तो शेवटी द्या.

मापं हवी असतील तर कपबशीने सांगितलेल्या आयडीडीएसआय पद्धतीत मुलांसाठी पातळी ५ ला, म्हणजे बारीक आणि ओलसर खाण्याला, कण २ मिमीचा. पातळी ६ ला, मऊ तुकड्यांना, ८ मिमीचा. मोठ्यांना हेच ४ आणि १५ मिमी. काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण ४ मिमी असते, त्यावरून अंदाज घ्या. मऊपणा पाहायला तुकड्यावर काटा अंगठ्याने इतका दाबा की नख पांढरं पडेल. तुकडा चिरडला पाहिजे आणि काटा उचलल्यावर परत फुगता कामा नये.

फिरकी

गाठी दिल्या की उमासे येतात, मग घरातले घाबरून पुन्हा वाटलेलं सुरू करतात.

दुधाचेदात

उमासा आणि अडकणं यांत फरक करायला शिका. उमाशात आवाज असतो, जीभ बाहेर येते, चेहरा लाल होतो, घास पुढे येतो. ती बाळाची सुरक्षा यंत्रणा आहे, आणि सहा-सात महिन्यांच्या बाळात तिची कळ जिभेवर बरीच पुढे असते. हात मागे ठेवा, चेहरा शांत ठेवा. अडकण्यात आवाज नसतो. रडता येत नाही, खोकता येत नाही, रंग बदलतो.

तेव्हा: एक वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. निघेपर्यंत आलटून पालटून. एक वर्षानंतर पाठीवर ५ थापा आणि पोटावर ५ झटके. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, घास आणखी खाली जातो. शुद्ध गेली तर सीपीआर सुरू आणि मदतीला हाक.

अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराची चकती: चार वर्षांखाली नाही. द्राक्ष उभं चार फाकांत. आडवं कापलं तर दोन बुचं तयार होतात.

शून्यप्रहर

नळीवर असलेल्या बाळांबद्दल. नाकातून पोटात जाणारी नळी किती आत: नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाचं टोक आणि बेंबी यांच्या मध्यापर्यंत. तिथे नळीवर खूण. प्रत्येक वेळी पाजण्याआधी खूण जागेवर आहे का पाहा, सिरिंजने नळीतून पोटातला थोडा द्रव ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदावर, टाका. ५.५ किंवा कमी आला तरच पाजा. हवा मारून पोटावर गुडगुड ऐकणं भरवशाचं नाही, नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. आम्ल कमी करणारं औषध चालू असेल तर पीएच वर सरकतो, तेव्हा काय करायचं ते आधी ठरवून घ्या. पाजणं गुरुत्वाने, १५ ते ३० मिनिटांत. दट्ट्याने ढकलून नको. त्याच वेळी चोखणी किंवा स्वच्छ बोट चोखायला द्या, म्हणजे पोट भरणं आणि तोंड हलवणं यांची गाठ सुटत नाही.

बाळ ओकतं म्हणून डोकं उंच करून तिरकं झोपवण्याचा सल्ला अजून फिरतो. झोप पाठीवर आणि सपाटच.

नीरक्षीर

याला जोडूनच, नकाराबद्दल. गिळण्याचा दोष बरा झाला तरी नकार उरतो, कारण तोंडाशी येणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे नळी, चिकटपट्टी, औषध, गुदमरणं असं बाळ शिकलेलं असतं. बाटली दिसताच पाठ ताणणारं आणि फक्त झोपेत पिणारं बाळ हे त्याचं ठळक चित्र. झोपेत पाजून दिवसाचा आकडा भरतो, पण जागेपणी पिण्याची भूक मरते आणि नकार घट्ट होतो. आकडा अगदीच खाली जात असेल तर काही काळ नळीने भरून काढणं हे जबरदस्तीपेक्षा बरं.

पायऱ्या अशा: पिण्याशी संबंध नसताना चेहऱ्याला प्रेमाचा स्पर्श, मग ओठांना, मग रिकामं निपल बाळाच्याच हातात, मग निपलवर एक थेंब. प्रत्येक पायरीवर तोंड फिरवलं की आपण थांबायचं, आणि थांबतो हे बाळाला कळलं पाहिजे. घासागणिक तोंड पुसणं बंद करा, शेवटी एकदाच पुसा.

२०१९ मध्ये तज्ज्ञांनी एकत्र येऊन ‘पीडिअ‍ॅट्रिक फीडिंग डिसऑर्डर’ची व्याख्या केली तीही याच विचाराने: आजार, पोषण, कौशल्य आणि मन-घर असे चार कप्पे, आणि तक्रार किमान दोन आठवडे. एकाच कप्प्यावर काम करून बाकीचे तसेच सोडले की मूल पुन्हा तिथेच येतं.

कुंपण

शेवटचा प्रश्न. सेरेब्रल पाल्सी असलेलं तीन वर्षांचं मूल, चमच्याने ठीक, पण पेल्याने पाणी दिलं की ठसका. मान मागे टाकूनच पितं.

कपबशी

पेल्याची कड नाकाला लागते म्हणून मान मागे जाते, आणि मान मागे गेली की श्वासमार्ग सताड उघडा. नाकाच्या जागी कापलेला पेला मिळतो. मऊ प्लास्टिकचा पेला कात्रीने कापूनही होतो: एका बाजूला कडेपासून अर्ध्या उंचीपर्यंत इंग्रजी यू सारखी खाच, कडा घासून गुळगुळीत. पिताना खाच नाकाकडे, पिण्याची कड समोरची. पेला निम्मा तरी भरलेला ठेवा, तळाशी थोडं असलं की फार कलवावा लागतो.

त्याआधी बसणं. कंबर, गुडघे, घोटे काटकोनात, तळपाय टेकलेले, लोंबकळते नकोत. डोक्याच्या मागे आधार, हनुवटी किंचित आत. कड खालच्या ओठावर टेकवा, दातांमध्ये घालू नका. एका वेळी एक घोट, पेला ओठापासून दूर, गिळलं की पुढचा. एवढं करूनही ठसका राहिला तर पाणी चमच्याने चालू ठेवा आणि वाचाताईंनी सांगितलेली तपासणी करून घ्या.